मान म्हणजे सावकाश

हुरड्याचे दिवस आले की आमच्या घरी पिशव्या येतात. पुतण्या मानवतहून पाठवतो, जावई कुठल्या तरी शेतावरच्या पार्टीतून उरलेला आणतात, शेजारच्या बाई डब्यात घालून देतात. सगळा गार झालेला, फ्रिजमध्ये ठेवून पुन्हा तव्यावर गरम केलेला. मी चमचाभर घेते, लोकांना बरं वाटावं म्हणून. माझे दातही आता रात्री वाटीत असतात आणि सकाळी तोंडात, त्यामुळे हुरडा चावायला मला वेळ लागतो. सून म्हणते, "आई, सावकाश." आणि तिच्या त्या शब्दामागून दुसरा एक शब्द माझ्या कानात येतो. तो मराठी नाही, उर्दू नाही, हिंदीही नाही. तो चिनी आहे आणि मी तो सेलूत शिकले.

हे मी सांगितलं की लोक हसतात. परभणी जिल्ह्यातली, चौथीपर्यंतही धड शाळा न पाहिलेली शेतकऱ्याची पोर चिनी कुठून शिकणार? पण मला चिनी भाषेतला एक शब्द येतो. एकच. आणि तो कुठे वापरायचा, कुठे नाही, हे मला चांगलं येतं. बाकीच्या आयुष्यात मी इतक्या नेटानं एकही शब्द शिकले नाही.

निजामाचं राज्य जाऊन तीनेक वर्षं झाली असतील. कचेऱ्यांवरच्या पाट्या बदलल्या होत्या, गावात नवीन पुढारी झाले होते, जुने तेच नवीन टोप्या घालून हिंडत होते. आमच्या घरात मात्र काहीच बदललं नव्हतं. माझा भाऊ दिगंबर, आमचा दिगू, राज्य जायच्या आधीच्या उन्हाळ्यात चार पोरांबरोबर निजामाशी लढायला सरहद्दीपलीकडच्या कॅम्पात गेला होता. लढा संपल्यावर बाकीची पोरं परत आली. त्यांच्या मिरवणुका निघाल्या. दिगू आला नाही. कुणी म्हणे तो आजारी पडून मागं राहिला, कुणी म्हणे त्याला धरून नेला, कुणी म्हणे मुंबईला दिसला. मेला असं कुणीच म्हणालं नाही, कारण मेलेला कुणी पाहिला नव्हता. त्यामुळे आम्हाला रडताही आलं नाही. रडलं तर अभद्र, नाही रडलं तर दगड. आम्ही दगड झालो.

मला तेव्हा काहीच वाटत नसे. हे खरं सांगते. लोक येऊन चुकचुकत, मी चहाची किटली ठेवी. कुणी त्याच्या आठवणी काढी, मी गोवऱ्या मोजी. दिगूनंच मला अक्षरं शिकवली होती. तो सेलूला उर्दू शाळेत जायचा आणि घरी येऊन मला मराठी गिरवायला लावायचा, आधी राखेत बोटानं, मग पाटीवर. तो गेला तशी पाटी फळीवर चढली. मी नवीन काही शिकायचं नाही असं कुणी म्हणालं नव्हतं, पण मी शिकत नव्हते. माझं लग्नही "दिगू आल्यावर" होणार होतं. सगळंच दिगू आल्यावर होणार होतं.

आणि माय जेवत नव्हती.

वडील मी लहान असतानाच गेले. तेव्हापासून घरात माणूस म्हणजे दिगू. आमच्याकडे बाई गडीमाणसाच्या मागून जेवते. माय दिगूच्या मागून जेवायची, तो सात वर्षांचा होता तेव्हापासून. तो जेवून उठला की त्याच्याच ताटात उरलंसुरलं घेऊन बसायची. त्यात तिला काही कमीपणा वाटत नसे, उलट ती तिची मिजास होती. पोरगा पोटभर जेवला हे ताट बघून कळतं, असं ती म्हणे. तो गेल्यावरही ती दोन्ही वेळेला त्याचं ताट वाढायची. झाकून ठेवायची. चुलीपाशी बसून राहायची. वाट बघून बघून मग ते ताट गाईपुढे रितं करायची आणि स्वतः भाकरीचा कुटका पाण्यात बुडवून चघळायची. जेवायची नाही, चघळायची.

आता यात गंमत अशी झाली, की त्याच सुमाराला तिचे दात जायला लागले. मिश्रीनं हिरड्या खाल्ल्या होत्या. एक हलला, मग त्याच्या शेजारचा. त्यामुळे ती जेवत का नाही याचं सगळ्यांना सोपं कारण मिळालं. भावकी म्हणाली दात. वैद्य म्हणाले दात. माझा मामा, मायचा धाकटा भाऊ, जो आमची शेती बघायला आमच्याकडेच राहायला आला होता, तोही म्हणाला, "आक्का, दातांमुळं खाणं होईना तुजं. सेलूला चिनी दातवाला आलाय. त्याच्याकडं जाऊ." आणि मलाही ते पटलं. दातांचा इलाज होता. दुसऱ्या गोष्टीचा नव्हता. माय इतकी वाळली होती, की पाटल्या कोपरापर्यंत सरकत होत्या. ती असाच आणखी एक हिवाळा काढणार नाही, हे मामाला दिसत होतं, मला दिसत होतं.

मानवत रोड स्टेशनवरून पॅसेंजर धरून आम्ही सेलूला जायचो. कापसाचा हंगाम होता. मोंढ्याकडे, कापसाच्या बाजाराकडे, गाड्यांची रांग, जिनिंगचा घरघर आवाज, हवेत तरंगणारा कापूस, तो केसांत, भुवयांत, पानवाल्याच्या चुन्यात. मोंढ्याच्या मागच्या गल्लीत त्याचं दुकान होतं. दारावर लाल हिरड्यांत बसवलेले हातभर लांबीचे दात रंगवले होते आणि खाली काचेच्या पेटीत खरे, म्हणजे खोटे, जबडे मांडले होते. गाववाले त्याला चिनीसाब म्हणत, पण त्याचं नाव चेन. बारीक चणीचा, पांढरा सदरा, बाह्या सरसावलेल्या. मागच्या खोलीत बायको आणि चार-पाच वर्षांची मुलगी, मेई. सेलूत येण्याआधी तो हैदराबादला होता, त्यामुळे बोलायचा दखनी, तीही मोडकी. आमची उर्दू मोडकी, त्याची दखनी मोडकी. त्यामुळे कुणालाच लाज वाटायची नाही.

राहिलेले दात आधी काढायचे होते. त्यानं हिरडीत सुई टोचली. माय डोळे मिटून बसली होती. थोड्या वेळानं तिनं गालाला बोट लावलं, दाबलं, चिमटा काढला.

"गोदे," ती मला म्हणाली, "काईच लागंना बघ."

"बधिर केलंय त्यांनी."

"किती येळ राहतं हे?"

मी चेनसाबांना विचारलं. ते म्हणाले, तासाभरात उतरेल. मायचा चेहरा पडला. "इतकंच व्हय," ती म्हणाली. मामा हसला. मला हसू आलं नाही, कारण मला ते समजलं होतं. माझं कधी उतरतच नव्हतं.

तो शब्द त्याच दिवशी पहिल्यांदा ऐकला. दात काढून झाल्यावर चेनसाबांनी तिला गुळणी करायला पाणी दिलं. ती घटाघटा प्यायला लागली तसे ते म्हणाले, "मान, माँजी, मान." आणि हाताचा पंजा हवेत खाली दाबला. मी विचारलं, मान म्हणजे काय. "मान बोले तो आहिस्ता," ते म्हणाले. "धीरे." मग त्यांनी तो शब्द मला म्हणायला लावला. मी म्हटलं, तर त्यांनी डोकं हलवलं. असं नाही. वरून खाली टाकायचा, विहिरीत बादली सोडतात तसा. आपल्या मानेशी, मानपानाशी त्याचं काही नातं नाही. मी पुन्हा म्हटलं. पुन्हा नाही. मागच्या दारातून मेई बघत होती, ती खुदकन हसली आणि तिनं तो मला म्हणून दाखवला. तिसऱ्या-चौथ्या खेपेला जमला तेव्हा चेनसाब खूश होऊन म्हणाले, "अब तुम चीनी हो गई." दिगू गेल्यावर मी शिकलेली ती पहिली गोष्ट. मला आनंद झाला असं म्हणता येणार नाही. पण गाडीत बसल्यावर मी तो मनात म्हणून पाहिला, एवढं आठवतं.

हिरड्या भरायला वेळ द्यायचा होता. मग मेणाचं माप घ्यायचं, मग ते दुरुस्त करायचं. त्यामुळे खेपा झाल्या, आणि प्रत्येक खेपेला त्या शब्दाची एक एक बाजू कळत गेली. कोमट पाण्यात मऊ केलेलं गुलाबी मेण त्यांनी मायच्या हिरड्यांवर दाबलं आणि म्हणाले, चाव, पण मान. हे कळलं. भिंतीवरचं घड्याळ स्टेशनच्या घड्याळाच्या मागं पडायचं. ते त्याच्याकडे बोट दाखवून म्हणाले, हे मान आहे. हेही कळलं. आमची पॅसेंजर, जी कुठल्याही फलाटावर उभी राहून विचारात पडल्यासारखी थांबायची, तीही त्यांच्या भाषेत मान गाडी. म्हणजे माणूस मान असतो, घड्याळ मान असतं, गाडी मान असते. मला वाटलं, आला शब्द.

मग एकदा निघताना घोटाळा झाला. आम्ही पायरी उतरलो, तर चेनसाबांची बायको दारात आली, कमरेत वाकली आणि "मान" असं म्हणून पुढं काही तरी म्हणाली. मी मोठ्या अभिमानानं मायला अर्थ सांगितला, की ती म्हणते हळू चाला.

माय थांबली. "कामून? आमी काय लंगडी हाव?"

"तसं न्हाई माय, तिच्यात..."

"गाडी सुटायली तिकडं आन् ही हळू चाला म्हणायली." माय रागानं अशी झपाझप चालली, की मामाला पळावं लागलं. किती तरी दिवसांनी तिला कशाचा तरी राग आला होता. मामा मागून धापा टाकत म्हणाला, "चिनीणबाईचं औषध लागू पडलं बघ."

पुढच्या खेपेला मी विचारलं. चेनसाबांनी हातातली कानस खाली ठेवली आणि नीट समजावलं. घरातून कुणी निघालं की त्याला म्हणायचं, मान जा. याचा अर्थ हळू चाल असा नाही. त्याचा अर्थ, तुझ्या जाण्याची आम्हाला घाई नाही. "तुम लोगों में नहीं बोलते?" त्यांनी विचारलं. आमच्यात काय बोलतात ते मी आठवून पाहिलं. आमच्यात जाणारा 'येतो' म्हणतो. जातो म्हणत नाही. दिगूही 'येतो' म्हणून गेला होता. त्याला कुणी सावकाश जा म्हणालं होतं का, ते मला आठवेना. मी त्यांना म्हटलं, बोलतात, तसंच काही तरी बोलतात.

शिकलेला शब्द वापरायची खाज असतेच. एका खेपेला दात तयार नव्हते, हिरडीचं रबर भाजायची भट्टी बिघडली होती. मी तोंड वर करून म्हणाले, "चेनसाब, तुम मान!" त्यांनी वळून माझ्याकडं पाहिलं. मागच्या खोलीतून त्यांची बायको खळखळून हसली. मग त्यांनी सांगितलं, कुणाला तू मान आहेस म्हणणं म्हणजे मठ्ठ म्हणणं, गोगलगाय म्हणणं. आणि तोच शब्द जेवणाऱ्याला म्हटला, जाणाऱ्याला म्हटला, की माया. शब्द बदलत नाही. तो माणसाबद्दल बोलायचा की माणसाला द्यायचा, एवढाच फरक. मी ओशाळले. पण मला ते आवडलं. त्या वर्षी आमच्या घराबद्दल बोलणारे फार होते.

आता वाटतं, त्या वर्षांत सगळंच मान होतं. कचेरीत अर्ज द्यायला मामा जायचा, तर जुना कारकून म्हणे हे उर्दूत आणा, नवीन म्हणे मराठीत. दिगूची चौकशी करायला तो कुठं कुठं गेला. प्रत्येक ठिकाणी बसवून ठेवत, पाणी देत, उद्या या म्हणत. वाईट बातमी म्हणे वाऱ्यावर येते. आमच्याकडे तीही येईना. पुढं काही वर्षांनी चेनसाब सेलू सोडून गेले, कुणी म्हणे कलकत्त्याला, कुणी म्हणे आणखी कुठं. मी तेव्हा लग्न होऊन पूर्णेला होते, नवरा रेल्वेत. त्यांना निरोप द्यायला मला जाता आलं नाही. त्यांच्या दाराची पाटी, ते रंगवलेले दात, पुढं कित्येक वर्षं तसेच भिंतीवर विटत होते असं मामा सांगायचा.

पण मी त्या हिवाळ्याबद्दल सांगत होते. दात आले. तांबूस रबराची हिरडी आणि त्यात सरळ रांगेत पांढरे दात, मायला कधीच नव्हते इतके नेटके. ते बसवल्यावर ती दहा वर्षांनी लहान दिसायला लागली. गावातल्या बायका बघायला आल्या. एक म्हणाली, "अक्षी नवरीवानी दिसायलीस गं." मायनं दात दाखवले, पाहुण्या गेल्यावर काढून पाण्यात टाकले, दिगूचं ताट वाढलं, झाकलं, चुलीपाशी बसली. आणि मग नेहमीसारखा भाकरीचा कुटका पाण्यात बुडवला.

मामानं ते पाहिलं. तो दारातून मागं फिरला आणि ओट्यावर डोकं धरून बसला. "आता काय करावं गं गोदे," तो मला म्हणाला. "दात बी आले." इतके दिवस आम्ही दातांना धरून होतो. आता धरायला काही राहिलं नाही, आणि माय आमच्या डोळ्यांदेखत झिजत होती.

दात घट्ट बसलेत का हे बघायला एक खेप करायची होती. चेनसाबांनी विचारलं, काय काय खाल्लं? मामानंच सांगितलं, की खात नाही. चेनसाबांचा चेहरा उतरला. त्यांना वाटलं, दात टोचतात. त्यांनी पुन्हा पुन्हा तोंड उघडायला लावून बघितलं, बोट फिरवलं. दात चांगले होते. ते म्हणाले, मला माँजींना खाताना बघायचंय. एकदा बघितल्याशिवाय मला झोप येणार नाही.

मामाला त्यावर एकच गोष्ट सुचली. आमच्याकडे हुरडा आला की पाहुण्याला शेतात बोलवायचं असतं. त्यात जातपात फारशी आडवी येत नाही, कारण हुरडा कुणाच्या चुलीवर शिजत नाही, तो उघड्या रानात आगटीत भाजला जातो. "आमच्या शेतात या," मामा म्हणाला. "बाईसाहेबांना, लेकराला घेऊन. हुरडा म्हंजी काय ते बगा. आन् आक्का बी खाईल." मायनं मान डोलावली. पाहुण्याला नाही म्हणायची तिची जीभ नव्हती.

ती सकाळ अजून तशीच आहे. ज्वारी माणसापेक्षा उंच, कणसं दुधावरून नुकतीच उतरलेली, बांधावर करडईची पिवळी फुलं. मामानं गाडी स्टेशनवर पाठवली होती. चेनसाब कोट घालून आले. बायकोनं केसांना तेल लावलेलं, मेईच्या पायात लाल मोजे. मी आगटीपाशी बसले होते. खड्ड्यात गोवऱ्यांचा विस्तव, त्यात कणसं खुपसायची, फिरवायची, उलली की ओढून काढायची, पोत्यावर चोळायची, पाखडायची. मी भाजत होते, मामा चोळत होता. लसणाची चटणी, गूळ, दही, सगळं मांडलेलं. पाहुणे घोंगडीवर बसले. माय बाजूला, अर्धा पदर तोंडावर, दात तोंडात.

पहिला घाणा सुपातून पाहुण्यांपुढं आला. हिरवागार, वाफा निघणारा. मामा म्हणाला, "घ्या."

कुणी घेईना.

चेनसाब हात मांडीवर ठेवून बसले होते. बायको तशीच. मेईच्या ओंजळीत मामानं हुरडा घातला, तिनं मूठ मिटली आणि बापाकडं बघत राहिली. मामाला वाटलं, त्यांना कसं खायचं कळेना. त्यानं दोन दाणे स्वतःच्या तळहातावर घेऊन खाण्याची नक्कल केली. तरी नाही. चेनसाब मायकडं हात करून म्हणाले, "माँजी पहले."

"आदी पावणे," माय म्हणाली. "पावणे जेवल्याबिगर घरचं मान्स कसं जेवल?"

मी ते त्यांना सांगितलं. चेनसाबांनी मान हलवली. त्यांच्यात जो सगळ्यात वडील असेल त्यानं पहिला घास घ्यायचा. त्याचा हात उठल्याशिवाय लेकरूसुद्धा खात नाही. माय तिथं सगळ्यात वडील होती. मामा म्हणाला, असं असेल तर मी घेतो. चेनसाब म्हणाले, आप छोटे हैं.

हुरडा गार झाला. गार हुरडा पाहुण्याला देत नाहीत. मामानं तो बैलांपुढं टाकला. मी दुसरा घाणा काढला. तोही आला, वाफाळला, निवला. माय हात जोडून म्हणाली, "खावा की वो," चेनसाब हात जोडून म्हणाले, "आप, माँजी." दोघंही पाहुणचारात हटेनात. तिसरा घाणा. बैलांची चंगळ चालली होती. मामा कपाळावर हात मारून म्हणाला, "हे आता संध्याकाळपर्यंत असंच चालणार का काय!" दुसरा कुठला दिवस असता तर मला हसून लोळावंसं वाटलं असतं. मी नुसती कणसं ओढत राहिले.

मग मायचं लक्ष मेईकडं गेलं. तिची मूठ अजून तशीच मिटलेली होती. त्यातल्या दाण्यांचा हिरवा रस बोटांतून झिरपला होता. ती रडत नव्हती, मागत नव्हती. नुसती मायच्या हाताकडं बघत होती, तो कधी उठतो म्हणून.

"अगं माय," माय म्हणाली, "लेकरू उपाशी बसलंय की माज्यापायी."

तिनं पदर मागं सारला. सुपातून चिमूट नाही, मूठ घेतली. तोंडात घातली. दात एकमेकांवर आपटल्याचा बारीक आवाज आला. मेईची मूठ तोंडाकडं गेली. चेनसाब पुढं वाकून मायच्या जबड्याकडं असे बघत होते, की आम्ही कुणी तिथं नव्हतोच. आणि त्यांची बायको, जी सकाळपासून एक अक्षर बोलली नव्हती, मायकडं झुकून हलकेच म्हणाली, "मान, मान..." आणि पुढं तो खाणे या अर्थाचा उच्चार, जो मला अजून लिहिता येत नाही.

माय मला काही विचारेना. तिला अर्थ लागत होता. ती भरल्या तोंडानं म्हणाली, "व्हय बाई. तुमी बी सावकाश होऊ द्या." दोघींनी एकमेकींना तेच म्हटलं होतं, आणि मध्ये मी दुभाषी म्हणून बसले होते, माझी कुणाला गरज नव्हती. त्या शब्दात शिकवण नव्हती, सावधगिरी नव्हती. तो वाढणारीनं खाणारीला म्हणायचा असतो. त्याचा अर्थ एवढाच, की तू खातेस ते मला दिसतंय आणि मला ते दिसत राहू दे.

माय चावत राहिली. एक मूठ संपली, दुसरी घेतली. गुळाचा खडा घेतला. मामा चोळायचा थांबला होता. मी भाजत होते. मध्येच ती थांबली, घास गिळला, आणि ज्वारीकडं बघत, कुणालाच नाही असं म्हणाली, "दिग्याच्या आदी खाल्लं म्या."

तिनं तळहात पदराला पुसला.

"त्यो येत न्हाई आता," ती म्हणाली. "आला असता तर आला असता एव्हाना." आवाज साधा होता. पाऊस गेला, आता पेरणी नाही, असं सांगावं तसा. मामानं तोंड फिरवलं आणि त्याचे खांदे हलायला लागले. चेनसाबांना शब्द कळले नसतील. तरी त्यांनी कोटाचं बटण काढून पुन्हा लावलं. मला त्या क्षणी इतकंच कळलं, की माझी माय जेवली आणि माझा भाऊ मेला, आणि हे दोन्ही एकाच घासाला झालं. मी आणखी एक कणीस विस्तवातून ओढलं.

माय वळली. किती वर्षांनी तिनं माझ्याकडं असं पाहिलं ते मला सांगता येणार नाही. इतके दिवस ती मला हाक मारायची ती काही आणायला, काही उचलायला, दारात कोण आलंय ते बघायला. आता ती माझ्याकडं नुसतीच बघत होती.

"गोदे," ती म्हणाली, "तू खाल्लंस का गं काई?"

मी नाही म्हणायला तोंड उघडलं आणि माझा हात खाली आला. तेव्हा मला कळलं, की सकाळपासून विस्तवातून कणसं ओढून ओढून माझी बोटं पोळली होती. फोड आले होते, एक फुटलाही होता. ती सगळी एकदम, एकाच वेळी ठणकायला लागली. मी मोठ्यानं रडले, पाहुण्यांदेखत, लहान पोरासारखी. मायनं माझे दोन्ही हात ओढून दह्याच्या वाडग्यात बुडवले, तिथंच धरून ठेवले, आणि मोकळ्या हातानं माझ्या तोंडात हुरडा घातला.